कमी टॅलेंटचे चॅम्पियन म्हणे!

बॉल खाली ठेवा आणि इकडे या. भिंतीला टेकू नका, सरळ उभे राहा. स्कोअरबुकच्या मागच्या पानावर जे काही लिहून ठेवलंय ते मी वाचलं. ‘एनबीएचे सगळ्यात कमी टॅलेंटचे चॅम्पियन’ असा मथळा, त्याखाली दोन रेघा, मग पाच नावं. पहिल्या नंबरावर डेट्रॉइट पिस्टन्स, साल २००४, आणि शेजारी शेरा: ‘एकही स्टार नाही’. अक्षर कोणाचं ते विचारत नाही. अक्षर गचाळ आहे आणि मजकूर त्याहून गचाळ आहे.

आजचा सगळा सराव तुम्ही या यादीपायी घालवलात. डाव्या हाताने ले-अप टाकता येत नाही, बॉक्स-आउट म्हटलं की एकमेकांची तोंडं बघता, आणि निकाल कोणावर देताय? ज्यांनी चॅम्पियनची अंगठी बोटात घातली त्यांच्यावर. उचलली जीभ लावली टाळ्याला!

वाद घालायला माझी ना नाही. पण तुमचा वाद मी मघापासून ऐकतोय. एक म्हणतो, त्यांच्यात पंचवीस पॉइंट काढणारा कोण होता? दुसरा म्हणतो, ड्राफ्टमध्ये कितवा होता ते बघ. तिसऱ्याने तर मोबाइल काढून ऑल-स्टारच्या याद्या उघडल्या. पॉइंट, ड्राफ्टचा नंबर, ऑल-स्टार. झाली तुमची मोजपट्टी तयार. या पट्टीने जो संघ आखूड भरतो तो जिंकला, तर नशिबाने जिंकला. ब्याऐंशी सामने खेळायचे, मग एकामागून एक फेऱ्या, एकाच संघाला चार-चार वेळा हरवायचं, तेही त्याने तुमची प्रत्येक खेळी पाठ केलेली असताना. आणि याला तुम्ही नशीब म्हणता? मटका लागलाय का तो?

पिस्टन्सपासूनच धरतो, कारण सगळ्यात मोठा गाढवपणा तिथं आहे.

बेन वॉलेस. १९९६च्या ड्राफ्टच्या दोन्ही फेऱ्या संपल्या तरी त्याचं नाव कोणी पुकारलं नाही. व्हर्जिनिया युनियन नावाच्या लहानशा कॉलेजातला मुलगा. २००० साली ग्रँट हिल नावाचा मोठा स्टार डेट्रॉइट सोडून ऑर्लँडोला गेला, त्या व्यवहारात डेट्रॉइटच्या पदरात दोघे पडले, त्यातला एक बेन. लोक हळहळले, हिलसारखा गेला आणि हे काय आलं म्हणून. कारकिर्दीत त्याची सरासरी सहा पॉइंटचीही नाही. फ्री थ्रो शंभरातले एकेचाळीस पडायचे, म्हणजे तुमच्यापेक्षाही वाईट. पण रिंगखाली त्याच्या हातून रिबाउंड काढून घेणं म्हणजे वाघाच्या तोंडातून घास काढणं होतं. डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर हा किताब त्याने चार वेळा घेतला, त्यातले दोन २००४च्या आधीच. २०२१ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि ज्याने ‘एकही स्टार नाही’ लिहिलं त्याने ऐकावं: २००४च्या ऑल-स्टार सामन्यात बेन वॉलेस होता. म्हणजे तुमच्या स्वतःच्या पट्टीनेसुद्धा तुम्ही नापास. मोबाइल हातात होता ना? मग तेवढं तरी बघायचं होतं.

चॉन्सी बिलप्सची गोष्ट उलटी. १९९७ला तिसऱ्या नंबरावर निवडला गेला, आणि बॉस्टनने पहिल्याच सीझनच्या मध्यात त्याला टोरांटोला देऊन टाकलं. मग डेन्व्हर, मग मिनेसोटा. याला पॉइंट गार्ड म्हणता येत नाही, असं चार ठिकाणी ऐकून तो २००२ला डेट्रॉइटला आला, आणि २००४च्या फायनलचा एमव्हीपी झाला. रिचर्ड हॅमिल्टनला वॉशिंग्टनने जेरी स्टॅकहाउसच्या बदल्यात दिलं. स्टॅकहाउस तेव्हा मोठं नाव. हॅमिल्टन नाकावर मुखवटा बांधून सामनाभर स्क्रीनांच्या भोवती पळायचा. बॉल हातात नसताना. तुम्ही बॉल हातात नसताना काय करता ते मी रोज बघतो. कमरेवर हात ठेवून उभे असता. टेशॉन प्रिन्स तेविसावा निवडला गेलेला, काडीसारखा. इंडियानाविरुद्ध ईस्टच्या फायनलच्या दुसऱ्या सामन्यात, दोन पॉइंटची आघाडी आणि काहीच सेकंद उरलेले, रेजी मिलर एकटा रिंगकडे निघाला होता. सोपा ले-अप. प्रिन्स अर्धं मैदान धावत मागून आला आणि बॉल मारून बाहेर उडवला. पॉइंटांच्या रकान्यात त्या धावण्याचा एक आकडा नाही. पण तो सामना तिथं वाचला.

आणि पाचवा, रशीद वॉलेस. फेब्रुवारीत पोर्टलंडकडून ॲटलांटाला गेला, तिथं एकच सामना खेळला आणि डेट्रॉइटला आला. तो आल्यावर मार्चमध्ये या संघाने लागोपाठ पाच सामन्यांत समोरच्यांना सत्तर पॉइंटही करू दिले नाहीत. एनबीएमध्ये! शाळेच्या जिल्हा स्पर्धेत नव्हे.

गंमत अशी की तुमच्या पट्टीने ज्याला सगळ्यात जास्त टॅलेंट तोही या संघात होता. बेंचवर. २००३च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटचा नंबर दुसरा होता. त्यांनी डार्को मिलिचिच घेतला आणि कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड तिघेही सोडले. या चुकीबद्दल त्या संघाला अजून शिव्या बसतात, बसाव्यातच. पण चॅम्पियन झाले ते तरीही. ड्राफ्टचा दुसरा नंबर टॉवेल गुंडाळून बसलेला, आणि कोणीच न निवडलेला माणूस मध्ये उभा.

आता फायनल. समोर लॉस एंजेलिस लेकर्स. शकील ओनील म्हणजे शॅक, कोबी ब्रायंट, आणि अंगठीच्या आशेने त्याच वर्षी येऊन मिळालेले कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. निकाल डेट्रॉइट ४, लेकर्स १. तो एक सामनाही कोबीने शेवटच्या क्षणी लांबून तीन पॉइंट मारून ओव्हरटाइममध्ये नेला म्हणून. पिस्टन्सचे कोच लॅरी ब्राउन. त्यांनी काय केलं ते तुमच्यापैकी एकाने तरी सांगावं. नाही ना? मग ऐका. शॅककडे बॉल गेला की दोघांनी धावून जायचं, हा त्या काळचा शिरस्ता. दोघे गेले की एक माणूस मोकळा सुटतो आणि बाहेरून शॉट पडतात. ब्राउननी बहुतेक वेळ शॅकवर एकच माणूस ठेवला. काढ म्हणाले तुला काढायचेत तेवढे पॉइंट. शॅकने काढलेही, सामन्याला सरासरी सव्वीसच्या वर. पण बाकीचे चौघे आपापल्या माणसाला जळूसारखे चिकटून राहिले. प्रिन्सचे ते लांब हात कोबीच्या डोळ्यांपुढे. कोबीचे शंभरातले अडतीस शॉट पडले. पेटन तर मैदानावर होता की नाही ते आठवावं लागतं.

हां, आलाच तो आवाज. ‘मलोनचा गुडघा दुखावला होता, सर.’ माहीत आहे. पाचव्या सामन्यात तो उतरलाच नाही. पण पहिल्या सामन्यात धडधाकट होता ना? तो सामना ८७-७५ने कोण हरलं?

त्याच उन्हाळ्यात काय झालं तेही ऐका, कारण ते तुमच्या वादात एकदाही आलं नाही. अथेन्सला ऑलिंपिक होतं. अमेरिकेच्या संघात टिम डंकन, ॲलन आयव्हरसन, आणि तरुण लेब्रॉन, वेड, कार्मेलो. कोच कोण? तेच लॅरी ब्राउन. जूनमध्ये ‘टॅलेंट नसलेल्या’ पाच जणांना घेऊन लेकर्सना लोळवणारा माणूस. पहिल्याच सामन्यात पोर्टो रिकोने त्यांना ९२-७३ असं झोडपलं. मग लिथुआनियाने हरवलं. उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने. कांस्यपदक घेऊन परतले. तो संघ घाईत जमवलेला होता, सरावाला वेळ नव्हता, हे मी मान्य करतो. पण मग सराव आणि एकमेकांची सवय हीसुद्धा संघाची ताकद असते, हे तुम्ही मान्य करा. तुमच्या यादीत त्यासाठी रकाना कुठे आहे?

बाकीची नावं. दुसऱ्या नंबरावर सिऍटल सुपरसॉनिक्स, १९७९. हा संघ आता त्या गावात नाही, २००८ साली ओक्लाहोमा सिटीला गेला, म्हणून तुम्हाला तो पोरका वाटत असेल. तुमच्यात एक जण म्हणाला, ‘त्यांच्यात कोण होतं तेच माहीत नाही.’ वा! तुला माहीत नाही म्हणजे त्यांच्यात टॅलेंट नाही. हा न्याय छान आहे.

डेनिस जॉन्सन होता त्यांच्यात. दुसऱ्या फेरीत निवडलेला गार्ड. १९७८ला हाच संघ सीझनच्या सुरुवातीला २२ सामन्यांतले १७ हरला होता. मग लेनी विल्कन्स कोच झाले आणि ते थेट फायनलला पोहोचले, वॉशिंग्टन बुलेट्ससमोर. ३-३. सातवा सामना सिऍटलमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे. डेनिस जॉन्सनने त्या दिवशी चौदा शॉट मारले. किती पडले? शून्य. चौदातले शून्य, फायनलच्या सातव्या सामन्यात. संघ सहा पॉइंटने हरला. तुमच्यातला एखादा असता तर दुसऱ्या दिवशी आईने पोट दुखत असल्याची चिठ्ठी लिहून दिली असती. पुढच्या वर्षी तेच दोन संघ पुन्हा फायनलला. पहिला सामना बुलेट्सनी दोन पॉइंटने घेतला, त्यानंतरचे चारही सिऍटलने. आणि एमव्हीपी डेनिस जॉन्सन. पुढे तो बॉस्टनला गेला, तिथं लॅरी बर्ड त्याला आपला सगळ्यात चांगला साथीदार म्हणायचा. बर्डला कळत नसेल बहुतेक, तुमच्याइतकं.

सेंटरला जॅक सिकमा होता, तोही आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. गस विल्यम्सचा वेग, बेंचवरून फ्रेड ब्राउनचे लांबचे शॉट, आणि पॉल सायलस हा जुना जाणता रिबाउंडर. टॅलेंट नाही म्हणे.

तिसरे ते १९७८चे बुलेट्स. इथं तुमच्याकडे निदान एक आकडा आहे, आणि तो खरा आहे: ४४ विजय, ३८ पराभव. ब्याऐंशी सामन्यांच्या सीझनमध्ये इतके कमी सामने जिंकून चॅम्पियन झालेला दुसरा संघ नाही. पण सीझन डळमळीत गेला हे वेगळं आणि संघात टॅलेंट नव्हतं हे वेगळं. एल्विन हेज, वेस अनसेल्ड, बॉब डँड्रिज. तिघेही हॉल ऑफ फेममध्ये. अनसेल्ड सेंटरच्या मानाने बुटका, पण त्याने स्क्रीन लावला की समोरचा भिंतीवर आदळल्यासारखा थांबायचा, आणि रिबाउंड घेतल्यावर पाय जमिनीला लागायच्या आत तो बॉल पुढे अर्ध्या मैदानापार फेकायचा. त्या फायनलचा एमव्हीपी तोच. दहीहंडीत फोटो वरच्या पोराचा छापून येतो. अनसेल्ड हा खालच्या थरातला. तुम्ही फोटो बघून संघ मोजता.

ह्यूस्टन, १९९५. याला मी फार वेळ देणार नाही. सहावं मानांकन घेऊन प्लेऑफला आले आणि चॅम्पियन झाले, इतक्या खालून येऊन जिंकलेला दुसरा संघ नाही, म्हणून तुम्ही त्यांना यादीत टाकलंत. ज्या चार संघांना त्यांनी हरवलं त्या चौघांनी सीझनमध्ये ६०, ५९, ६२ आणि ५७ सामने जिंकले होते. हकीम ओलाजुवान त्यांच्यात होता. लागोसमध्ये हँडबॉल खेळणारा मुलगा, किशोरवयात बास्केटबॉलला लागला, आणि १९९४ला एकाच सीझनमध्ये एमव्हीपी, डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर आणि फायनलचा एमव्हीपी झाला. १९९५ला त्या वर्षीच्या एमव्हीपीला, डेव्हिड रॉबिन्सनला, त्याने प्लेऑफमध्ये असं नाचवलं की रॉबिन्सनची दया यावी. ज्या यादीत ओलाजुवान बसतो त्या यादीला टॅलेंट हा शब्द लावायची लाज वाटायला हवी.

एक गोष्ट मात्र त्यांच्याबद्दल सांगतो, कारण ती मला आवडते. फेब्रुवारी १९९४मध्ये ह्यूस्टनने रॉबर्ट ऑरीला डेट्रॉइटला देऊन टाकलं होतं, शॉन एलियटच्या बदल्यात. एलियट नाव मोठं, पॉइंट जास्त. तुमच्या पट्टीने बरोबर सौदा. पण वैद्यकीय तपासणीत एलियटच्या किडनीचा विकार निघाला आणि सौदा मोडला. ऑरी परत आला. बॅग भरून गेलेला माणूस, नको असलेला. त्याच वर्षी चॅम्पियन, पुढच्या वर्षी पुन्हा, आणि कारकीर्द संपेपर्यंत तीन संघांत मिळून सात अंगठ्या. एकदाही ऑल-स्टार नाही. सात अंगठ्या, शून्य ऑल-स्टार. हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

पाचवे डॅलस मॅव्हरिक्स, २०११. त्यांचे कोच रिक कार्लाइल. हे तेच, ज्यांना डेट्रॉइटने काढून ब्राउनना आणलं होतं. एकटा नोव्हिट्स्की, म्हणे. जेसन किड अडतीस वर्षांचा होता, खरं आहे. अडतिसाव्या वर्षीही तो पुढच्या दोन पासांचा विचार करून ठेवायचा. तुम्ही हातातल्या पासचा करत नाही. टायसन चँडलर पुढच्याच वर्षी डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर झाला. फायनलच्या दुसऱ्या सामन्यात सात मिनिटं उरली असताना पंधरा पॉइंटने मागे होते, ९५-९३ने जिंकले. चौथ्या सामन्यापासून कार्लाइलनी बरेआ नावाच्या गार्डला पहिल्या पाचात घेतलं. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला, आणि उंचीने तुमच्यातल्या दोघा-तिघांएवढाच. समोर लेब्रॉन, वेड, बॉश. पुढे काय झालं ते माहीत आहे तुम्हाला.

आता मुद्द्याचं. तुमच्या यादीत एक संघ नाहीच. खरोखर वाद घालण्याजोगा जो होता तोच सुटला. गोल्डन स्टेट वॉरियर्स, १९७५. करीचे वॉरियर्स नव्हेत. करी तेव्हा जन्माला यायचा होता.

तिथं मी तुमच्याशी बोलायला तयार आहे. रिक बॅरी हा एक थोर खेळाडू. सरासरी तीस पॉइंट, आणि त्या सीझनमध्ये स्टील्समध्येही तोच पहिला. फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून टाकायचा. लोक हसायचे, आणि शंभरातले नव्वद पडायचे. त्याच्या जोडीला जमाल विल्क्स, पण तो तेव्हा रूकी. आणि मग? सेंटरला क्लिफर्ड रे आणि जॉर्ज जॉन्सन, दोघांत मिळून एक जागा. नेट थर्मंडसारखा सेंटर त्यांनी त्याच वर्षी शिकागोला देऊन टाकला होता. गार्ड बुच बियर्ड, चार्ल्स जॉन्सन, फिल स्मिथ. बॅरी आणि विल्क्स सोडले तर बाकीच्यांची नावं अमेरिकेतल्या म्हाताऱ्या प्रेक्षकांनाही आठवून सांगावी लागतात. समोर तेच बुलेट्स, हेज आणि अनसेल्डसकट, ६० सामने जिंकलेले. वॉरियर्सचे ४८. त्यात आणखी, ओकलंडचं स्टेडियम आधीच बर्फावरच्या खेळांच्या कार्यक्रमाला दिलेलं, म्हणून फायनलचे घरचे सामने डेली सिटीच्या काउ पॅलेसमध्ये खेळायला लागले. स्टेडियमवाल्यांचा या संघावर किती विश्वास होता बघा.

४-०. एकही सामना न गमावता. दोन सामने एकेका पॉइंटने.

कोच अल ॲटल्स दहा-दहा माणसं फिरवायचे. त्या काळी फायनलमध्ये असं कोणी करत नसे; सात-आठ जणांवर भागवायचे. बुलेट्सचे मोठे खेळाडू दमले की यांचे ताजे उतरायचे. हेजवर उभा कोण केला? विल्क्स. चौथ्या सामन्यात सुरुवातीलाच माइक रिऑर्डनने बॅरीला जोरात फाउल केला. ॲटल्स स्वतः मैदानात धावून गेले आणि पंचांनी त्यांना बाहेर काढलं. कोच बाहेर, उरलेला सामना सहायक जो रॉबर्ट्सने चालवला, आणि संघ ९६-९५ने जिंकला. म्हणजे खेळाडूंना काय करायचं ते कोच ओरडत नसतानाही ठाऊक होतं.

म्हणून कोणी मला अगदीच पेचात धरून ‘सर, एक नाव सांगाच’ म्हटलं, तर मी हे नाव सांगेन, आणि सांगताना माझा आवाज खाली येणार नाही. एक महान, एक रूकी, आणि आठ जण ज्यांना आपण कधी उतरायचं आणि कधी बसायचं ते कळत होतं. पण तुम्ही माझं ऐकून ते नाव लिहू नका. आधी अभ्यास करा.

ते पान मी फाडलेलं नाही. त्याच्याच मागे उद्या प्रत्येकाने एकेक परिच्छेद लिहून आणायचा. फायनलचा तिसरा सामना, २००४, डेट्रॉइट ८८, लेकर्स ६८. सामना इंटरनेटवर शोधा आणि पूर्ण बघा. तुकडे नाही, रील नाही, पूर्ण. बॉलकडे बघू नका, बेन वॉलेसच्या पायांकडे बघा. तो कधी हलतो आणि कधी मुद्दाम हलत नाही ते लिहा. अडुसष्टच का झाले त्याचं कारण लिहा. ‘लेकर्स वाईट खेळले’ हे उत्तर मी खोडणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो. आणि ज्याने मलोनचा गुडघा काढला, त्याने दोन परिच्छेद.